मातीची हुंडी

आषाढात पाऊस स्थिरावला की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या मळ्यांत भातलावणी सुरू होते. २१ ते २५ दिवसांचा तरवा उपटायचा, मुळांची माती पाण्यात धुऊन टाकायची, मुठी बांधायच्या आणि दोन-तीन काड्या चिखलात उथळ रोवायच्या. रोपे काही दिवस पिवळी पडतात. मग बुंध्याशी नवी मुळे फुटून मळा हिरवा होतो. त्याच सुमारास सड्यावर आंबा-काजूची कलमे लागतात. तेथे रीत नेमकी उलटी. पिशवी अलगद कापायची, पण मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू द्यायची नाही. एकाची माती धुवायची, दुसऱ्याची जपायची!

आमच्या वाड्यांतून मुले मुंबईस वा आखातात गेली, ती तरव्यासारखी. कोवळ्या वयात नवी मुळे लवकर धरतात. प्रश्न आहे तो मागे राहिलेल्या आईचा. मे महिन्यात मुलगा येतो, एकटी आई पाहतो, त्याचा जीव तुटतो. आणि तिला मुंबईच्या खोलीत नेण्याचे ठरते. तिच्या भल्यासाठी तिला तिच्या इच्छेविरुद्ध हलविण्याचा अधिकार मुलांना आहे काय?

तेथे डॉक्टर जवळ, नातवंडे समोर, कशाची उणीव नाही. तरी ती का सुकते, असे मुले कळवळून विचारतात. उत्तर बागाईतदारास ठाऊक असते. नव्याने लावलेले रोप भर पाण्यातही माना टाकते, कारण पाणी ओढून घेणारी केसासारखी बारीक मुळे तुटलेली असतात. अशा वेळी अधिक पाणी घालून भागत नाही. आईची ती मुळे कोणती? शेजारणीची हाक, मालवणी बोली, देवळाची घंटा, अंगणातील अबोली. मुलांच्या हिशेबात ही नसतात, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून तिला हलवूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस रिकाम्या घरी ठेवून 'तिची माती, तिचे घर' म्हणणे ही पुष्कळदा आपली सोय असते. चौथी आज्ञा मातापित्यांचा मान राखावयास सांगते. मान राखणे म्हणजे नुसता सांभाळ नव्हे, आणि नुसते तिच्या मनासारखे होऊ देणेही नव्हे. (काजू १६व्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आला व येथलाच झाला, पण वाढलेले झाड उपटून कोणी जहाजात घातल्याचे आम्ही ऐकलेले नाही.)

न्यावेच लागले तर हुंडीसकट न्यावे. दर महिन्याला गावी फोन, तिच्या बोलीत बोलणारी एखादी शेजारीण, तिच्या हाताला एखादे काम, आणि गावच्या घराची किल्ली तिच्याच कनवटीला. घर विकण्याची घाई तर मुळीच करू नये. कलमाला पहिल्या वर्षी मोहोर आला तरी जाणता माणूस तो खुडून टाकतो. फळाची अपेक्षा तेव्हा नसते. 'आता तुला इथे बरे वाटते ना?' हा प्रश्न मात्र आम्ही पहिल्या आठवड्यातच विचारू लागतो, आणि निघण्यापूर्वी 'येशील का?' हे विचारावयाचे राहून गेलेले असते.