सावधपणा आणि विवेक

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अभियंता मला भेटावयास आला. इमारतींच्या पोलादी सांगाड्यांची गणिते करणाऱ्या कचेरीत तो नोकरी करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरू द्यावीत, म्हणून वर्षभर त्याने वरिष्ठांची मनधरणी केली. वरिष्ठ दाद देईनात, तेव्हा स्वतःच्या मोबाईलवर तो ती गुपचूप वापरू लागला. "काम लवकर उरकते, नुकसान कोणाचेच नाही. यात पाप ते काय, फादर?"

सावधपणाला आपण सहजच सद्‌गुण मानतो. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्हांला थोडे वेगळे समजले होते. विवेकाची जी आठ अंगे त्यांनी सांगितली, त्यांत सावधपणा हे केवळ एक आहे. त्याच्या शेजारी स्मरण आहे, दूरदृष्टी आहे आणि शिकण्याची तयारीही आहे. ही तयारी विद्वानांतही असावी, असे ते म्हणतात. (आम्हां पाद्र्यांना हे अंमळ टोचते.) तेव्हा साधन न पाहताच 'नको' म्हणणारे साहेब सावध असतील, विवेकी नव्हेत.

तरीही त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात एका भव्य क्रीडागृहाचे छत संगणकाच्या गणितावर विसंबून उभारले गेले. बांधकाम चालू असतानाच ते हिशेबाच्या दुपटीने वाकलेले दिसले. पण संगणकाचा आकडा खरा आणि डोळ्यांना दिसणारा बाक खोटा, असेच जणू ठरले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने छत कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे हजारो लोक बास्केटबॉलचा सामना पाहात बसले होते. वरच्या दांड्यांना पुरेसा आधारच नव्हता, असे तपासात निघाले. आणि तो संगणक निदान दिलेले गणित तरी करीत असे. आजचे साधन ठाऊक नसलेलेही ठामपणे सांगते.

म्हणून मी त्याला म्हणालो, "नुकसान आहे, बाळा. आराखड्यावर सही साहेबांची असते. कशाच्या भरवशावर सही करतो आहोत, हे तू त्यांना कळू दिले नाहीस. ग्राहकाचे कागदही त्याला न विचारता बाहेर गेले. आधी हे कबूल कर. मग उत्तर ठाऊक असलेले एखादे जुने काम माग, ते साधनाकडून करवून घे आणि जेथे ते चुकले ती पाने सर्वांत वर ठेव."

"आणि नोकरी गेली तर?" घराचे हप्ते चालू आहेत, मूल लहान आहे. यावर मी काही बोलू शकलो नाही.

परवा तो पुन्हा आला. साहेबांनी सारे ऐकून घेतले, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी एका जुन्या गोदामाचे कागद त्याच्या टेबलावर आणून ठेवले.