हक्क की मेहेरबानी?

आमच्या महाविद्यालयात नॅकची समिती यायची होती, तेव्हा मुख्य दाराशी घाईघाईने एक उतार बांधला गेला. व्हीलचेअर सहज चढावी म्हणून. त्याचा फोटो काढून आम्ही संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर लावला. संकेतस्थळाचे काम आम्हा तिघाचौघा प्राध्यापकांकडे होते. अपंगांसाठी आपण बरेच काही केले, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

पुढे एका जूनमध्ये एका अंध मुलाचा फोन आला. "सर, तुमची प्रवेशाची नोटीस बोलत नाही." आम्हाला आधी काही उमगेना. शेवटी त्याला बोलावून ऑफिसच्या संगणकावर बसवले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर त्याने पाच-दहा मिनिटांत उतरवून घेतले. ते फुकट मिळते आणि मराठीही वाचते. मग त्याला रोज जे ऐकावे लागते, ते आम्ही ऐकले. सही-शिक्का मारून स्कॅन केलेली नोटीस यंत्राच्या लेखी नुसते चित्र; तिथे शांतता. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पाने म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. उताराचा तो फोटो, दाबल्यावर मोठा होणारा, त्याच्या कानी आला तो असा : 'आयएमजी दोन शून्य चार तीन.' आम्ही त्याला पर्यायी मजकूरच दिला नव्हता. अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची होती. तिथे तर मुलाने हातच टेकले.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो संख्येचा. असे विद्यार्थी आहेत तरी किती? पाहिले तर एकही नव्हता. मग खर्च कशाला? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण दार बंद ठेवायचे आणि आत कुणी येत नाही म्हणून ते उघडायची गरज नाही म्हणायचे, असा तो प्रकार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. आम्हीही त्या कागदावर राखून ठेवल्या होत्या. त्यांचा अर्ज मात्र त्या मुलांना भरता येत नव्हता!

दुसरा मुद्दा अधिक सभ्य होता, म्हणून आम्हाला तो जास्त अवघड वाटला. घरचे कुणीतरी वाचून दाखवतेच की. आपला शिपाईसुद्धा मदत करील. यात माया आहे, हे नाकारता येत नाही. आम्ही त्या मुलाला हे विचारले तेव्हा तो हसला. बारावीचा निकाल सायबर कॅफेवाल्याने पाहिला, मग गल्लीला कळला आणि शेवटी त्याला. गुण चांगले होते म्हणून निभावले, एवढेच तो म्हणाला. नापास झालो असतो तर ते मी घरी कधी सांगायचे, हे ठरवायची सोय मला नव्हती.

खैरात आणि हक्क यांतला फरक आमच्या ध्यानात आला तो इथे. खैरात देणाऱ्याच्या सवडीने मिळते आणि घेणाऱ्याला आपली झोळी चारचौघांत उघडी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्यातल्या काही याचिकाकर्त्या ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या होत्या. बँकेच्या पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवायची असते, आणि ती त्यांना जमत नव्हती. तो नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता काय? मुळीच नसणार. आमच्या मनात तरी कुठे होता? आमच्या क्लार्कभाऊंनी नोटीस स्कॅन केली, कारण सही-शिक्क्यावाचून ती खरी कोण मानणार? त्यांचे म्हणणे बरोबर होते. हेतू वाईट नसला म्हणजे जबाबदारी संपते, असे मात्र आम्हाला आता वाटत नाही. एकदा त्या मुलाने ऐकवल्यावर तर नाहीच.

बरेचसे काम विनाखर्चाचे निघाले. स्कॅनबरोबर तीच नोटीस युनिकोडमध्ये टाइप करून टाकायची. फोटोला दोन ओळींचे वर्णन द्यायचे. सगळीकडे नुसते 'येथे क्लिक करा' लिहिण्याऐवजी कशासाठी ते लिहायचे. माऊसशिवाय अर्ज भरता येतो का, हे स्वतः करून पाहायचे. प्राचार्यांच्या भाषणाच्या चित्रफितीखाली अक्षरे उमटवायला मात्र वेळ लागला. कर्णबधिर मुलांचा विचार आम्हाला तोवर सुचलाच नव्हता.

त्या मुलाला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्राला तो ग्रंथालयात आला आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागू लागला. त्या सगळ्या स्कॅन केलेल्या आहेत. आम्ही विषयवार टाइप करायला घेतल्या आहेत. त्याचा विषय यादीत चौथा होता, तो आम्ही वर घेतला. पण तिसऱ्या क्रमांकाच्या विषयालाही उद्या कुणी येईल, तेव्हा काय करायचे, यावर आमची अजून एकवाक्यता झालेली नाही.