दाराच्या आतलं जंगल

मोहर्लीत अंधार पडायला लागला की लोक कुत्री घरात घेतात. ताडोबाच्या गेटपासून आमचं घर फार लांब नाही, आणि बिबट्या गावात येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच. म्हणून आमचा मोत्या रात्री मधल्या खोलीत झोपतो. भुरी मांजरही आतच असायची. धोका बाहेर आहे, दार लावलं की संपला, असं आमचं साधं गणित होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हे गणित चुकलं. जुलै ते सप्टेंबर कोअरचं जंगल पर्यटकांना बंद असतं. आमच्या होमस्टेच्या तिन्ही खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून मी महिनाभर घरून काम करायला पुण्याहून आलो होतो. येताना आईच्या वाढदिवसासाठी नागपूरहून पांढऱ्या लिलीचा गुच्छ आणला. आईने तो स्टीलच्या लोट्यात घालून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी भुरीच्या मिशांना नारिंगी पूड लागलेली दिसली. मी तिचा फोटो काढून स्टेटसला टाकला.

संध्याकाळी ती उलटली. पाऊस आहे, काहीतरी खाल्लं असेल, असं आम्ही म्हणालो. त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "भुरी काही खाऊन नाही राहिली रे." तिसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात लिली आहे का?" सलाईन लावलं, पण किडन्या गेल्या होत्या. भुरी परत आली नाही.

मोत्यानेही त्याच गुच्छातलं एक पान चघळलं होतं. तो एकदा ओकला आणि तासाभरात शेपटी हलवायला लागला. लिलियम या खऱ्या लिलीचं पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करू शकतं. डे लिलीचंही तेच. कुत्र्याचं मात्र सहसा पोट बिघडण्यावर निभावतं. नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, ते अजून ओळखलं गेलेलं नाही. मांजर अंग चाटून स्वच्छ करतं, त्यामुळे अंगावर सांडलेले परागही पोटात जातात. मी ज्याचा फोटो काढला, ते विष होतं. पहिल्या काही तासांत नेलं असतं तर वाचण्याची शक्यता बरीच होती.

आई म्हणाली, "तुला का माहीत होतं? नको लावून घेऊ मनाला." हे खरं आहे. पण 'माहीत नव्हतं' एवढं म्हटल्यावर मी सुटतो का, हा प्रश्न मला सोडत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक साधी शिस्त आहे. वापरणारा सूचना वाचणार नाही, असं धरूनच डिफॉल्ट सेटिंग ठेवायचं. ज्याला सेटिंग बदलता येत नाही त्याच्यासाठी तर जास्तच काळजीने. ॲपमधल्या अनोळखी माणसासाठी मी हे रोज करतो. घरात माझ्या मांडीवर झोपणाऱ्या जिवासाठी केलं नाही. फुलं घेताना मी रंग पाहिला, भाव केला, गाडीत चुरगळतील का याचा विचार केला. ती कोणाच्या घरात जाणार आहेत, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. माहिती फोनवर एका सर्चच्या अंतरावर होती. माहिती नसणं आणि विचारण्याची गरजच न वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी चूक दुसरी होती.

यावर बाबांचा मुद्दा वेगळा. "जंगलात विषारी झाडं कमी आहेत का? गुंज आहे, धोत्रा आहे. चितळं मरतात का?" मुद्दा बरोबर आहे. पण चितळाला चरायला अख्खं रान आहे. एक पान नको वाटलं तर दुसरं आहे, आणि कळपात राहून काय खायचं हे ते शिकतं. मांजर तर मुळात मांसाहारी. वनस्पतींतली कित्येक द्रव्यं पचवून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा तिच्या यकृतात दुबळी असते. अशा प्राण्याला आपण चार भिंतींत ठेवतो, त्याच्या भल्यासाठीच ठेवतो, आणि मग त्या भिंतींत काय असेल तेही आपणच ठरवतो. दुसऱ्याचे पर्याय जितके कमी करू, तितकी आपली जबाबदारी वाढते. दार मी लावलं होतं, म्हणून आतलं सगळं माझ्या खात्यावर येतं.

शोभेची निवड घरापुरती राहते असंही नाही. रानाच्या कडेला दिसणारी घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भारतात आली ती बागेतलं सुंदर झुडूप म्हणून. आज ती देशभरच्या जंगलांत पसरली आहे, गवताची जागा खाते आणि गुरांनी खाल्ली तर त्यांचं यकृत बिघडवते. ज्याने पहिलं रोप लावलं त्यालाही फक्त फुलं आवडली असतील.

भुरीनंतर मी घरातली प्रत्येक कुंडी तपासली. मनी प्लांट, डिफेनबाकिया, मॉन्स्टेरा, पीस लिली ही सगळी अळूच्या भावकीतली. नीट न शिजलेल्या अळूने घसा खाजतो ना, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांच्या पानांत असतात. तोंड सुजतं, लाळ गळते, पण सहसा जीव जात नाही. स्नेक प्लांट आणि कोरफडीनेही पोट बिघडतं. सायकस मात्र कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतो, आणि कण्हेर किंवा बिट्टी थेट हृदयावर जाते. ही तीन दारातसुद्धा नकोत. उलट अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया ही मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी मानली जातात. कुरतडली तर फार तर एखादी उलटी होईल. आणि पान खाऊन प्राणी सुस्त झाला, तर वाट पाहू नका. झाडाचा फोटो घ्या आणि डॉक्टरांकडे निघा.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. आईचा मनी प्लांट बारा वर्षांचा आहे, मावशीने दिलेल्या फांदीवरून वाढवलेला. मावशी आता नाही. तो काढ म्हणायचा हक्क मला आहे का? त्याने जीव जात नाही, फक्त त्रास होतो. मग कोणाचा किती त्रास कोणाच्या आठवणीपुढे मोजायचा? शेवटी आम्ही तो छताच्या हुकाला टांगला. लोंबणारे वेल आई दर रविवारी कापते.

मागच्या महिन्यात पावसात भिजलेलं एक पिल्लू पडवीत आलं. आईने त्याला आत घेतलं, दार लावलं. मग आम्ही दोघांनीही आधी वर पाहिलं, वेल किती खाली आलाय ते.