ही फाइल कोणाची?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात लाखो फायली असतात. त्यांतल्या वापरणाऱ्याने स्वतः बनवलेल्या थोड्याच. बाकीच्या बहुतेक कुठल्या ना कुठल्या पॅकेजबरोबर आलेल्या असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीचा मालक कुठेतरी लिहून ठेवलेला असतो. टर्मिनल उघडून एक ओळ टाइप केली की तो मालक कळतो. मला ही सोय फार मोलाची वाटते. रोज वापरणारेही तिच्याकडे 'काय काय इन्स्टॉल केलंय त्याची यादी' एवढ्याच नजरेने बघतात, म्हणून ती जरा सावकाश उलगडून बघू.

हाताशी असलेलं उदाहरण घेऊ. डेबियन किंवा उबुंटूवर मराठी मजकूर उघडला आणि जोडाक्षरं नीट उमटली, तर मागे कुठला तरी देवनागरी फाँट आहे. समजा तो लोहित देवनागरी आहे. त्याची फाइल /यूएसआर/शेअर/फाँट्स/ट्रूटाइप/लोहित-देवनागरी या फोल्डरात असते. डीपीकेजी ही कमांड लिहायची, पुढे आडवी रेघ आणि मोठा एस, आणि मग त्या फायलीचा पूर्ण पत्ता. उत्तर एका ओळीत येतं: फाँट्स-लोहित-देवा. हे पॅकेजचं नाव. ते एकदा हाती आलं की बाकीचं सोपं. लहान एस वापरून तेच नाव दिलं की आवृत्ती, आकार, देखभाल कोण करतं आणि आणखी कशाची गरज लागते, हे सगळं समोर येतं. मोठा एल वापरला की या पॅकेजने डिस्कवर कुठे कुठे काय ठेवलं, त्याची यादी मिळते. फायलीवरून मालक सापडतो, मालकावरून त्याच्या सगळ्या फायली.

फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात हेच काम आरपीएम करतं. तिथे लहान क्यू म्हणजे 'चौकशी', आणि त्याला एफ जोडला की फायलीचा मालक. फाइल कुणाचीच नसेल तर आरपीएम तसं सरळ सांगतं: ही कुठल्याही पॅकेजच्या मालकीची नाही. हे उत्तर निराशेचं वाटतं, पण पुष्कळदा तेच सगळ्यात उपयोगी असतं. कुणीतरी हाताने कॉपी केलेली, जुन्या प्रोग्रॅमने मागे टाकलेली किंवा नको त्या माणसाने आणून ठेवलेली फाइल अशीच सापडते.

हे उत्तर येतं कुठून? इयान मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं आणि डीपीकेजी त्याच सुरुवातीच्या काळातलं. त्याची नोंदवही आजही साध्या मजकुराची आहे. /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. दर पॅकेजला एक परिच्छेद: नाव, स्थिती, आवृत्ती, कशावर अवलंबून, थोडक्यात वर्णन. शेजारच्या इन्फो फोल्डरात दर पॅकेजच्या फायलींची वेगळी यादी. मोठा एस देऊन आपण विचारतो तेव्हा या याद्यांमध्ये शोध घेतला जातो, बस्स. मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांच्या आरपीएमने मात्र पहिल्यापासून डेटाबेसचा मार्ग धरला. फेडोराने २०२० मध्ये तो बर्कली डीबीवरून एसक्यूलाइटवर नेला. रचना निराळ्या, तरी तत्त्व एकच, आणि सगळं निरूपण त्या तत्त्वाभोवतीच फिरतं: चौकशी नोंदवही वाचते. डिस्कवर प्रत्यक्ष काय पडलं आहे ते ती बघत नाही.

सातबारा ज्यांनी काढला आहे त्यांना हा फरक वेगळा सांगावा लागणार नाही. उताऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतो दुसराच, असं होऊ शकतं. म्हणून उतारा खोटा ठरत नाही. तो नोंदीचा उतारा आहे एवढं लक्षात ठेवून वाचायचा असतो.

याचा एक अस्सल नमुना डेबियन १२ वर दिसतो. फोल्डरातली यादी दाखवणारी एलएस ही कमांड कुठे आहे असं यंत्राला विचारलं, तर ते /यूएसआर/बिन/एलएस असं सांगतं. तोच पत्ता उचलून डीपीकेजीला मालक विचारला, तर उत्तर येतं की असा पत्ता सापडत नाही. एलएससारखी रोजची कमांड, आणि तिला मालकच नाही? मालक आहे. पत्त्यातलं यूएसआर काढून नुसतं /बिन/एलएस विचारलं की कोअरयूटिल्स हे नाव लगेच येतं. घडलं असं की पूर्वी बिन आणि यूएसआर/बिन हे दोन वेगळे फोल्डर होते. पुढे ते एकत्र केले गेले आणि जुना बिन नव्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा होऊन राहिला. फाइल नव्या घरात गेली, पण पॅकेजने नोंदवलेला पत्ता जुनाच राहिला. फाइल एक आणि पत्ते दोन, तरी नोंदवही त्यातला एकच ओळखते. अशा वेळी डीपीकेजी बिघडलं असं समजून डोकं धरून बसणारे मी पाहिले आहेत. ते वाचतं कुठून हे माहीत असलं की तिढा पाच सेकंदांत सुटतो.

यादी काढतानाही हीच जाण कामी येते. डीपीकेजीला लहान एल दिला की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात आणि बहुतेकांची नजर त्यांच्यावरून घसरते. पहिलं अक्षर आपली इच्छा सांगतं, दुसरं प्रत्यक्ष स्थिती. 'आयआय' म्हणजे हवं होतं आणि बसलेलं आहे. 'आरसी' म्हणजे काढून टाका असं सांगितलं होतं, प्रोग्रॅम गेला, पण त्याच्या सेटिंगच्या फायली मागे राहिल्या. म्हणून नुसत्या ओळी मोजून 'इतकी पॅकेजं बसलेली आहेत' असं म्हणणं चुकीचं. त्यातल्या काही केवळ आठवणी असतात. यादी गाळायला तारांकन वापरता येतं, पण ते फक्त अक्षरं जुळवतं. 'देवा' ही अक्षरं असलेले फाँट मागितले की लोहितबरोबर सहदेव नावाचा फाँटही इंग्रजी स्पेलिंगमुळे यादीत येतो, आणि त्याचा जुळा नकुल, तोही देवनागरीच असून, बाहेर राहतो.

एक प्रश्न डीपीकेजीच्या वहीत नीट सुटत नाही: हे पॅकेज माझ्या यंत्रावर आलंच का? आपण दहा गोष्टी मागतो आणि त्यांच्या गरजेपोटी शंभर येतात. कुठली मागून आली आणि कुठली ओघाने, याची नोंद एपीटी, म्हणजे पॅकेजं आणून बसवणारं साधन, स्वतःकडे वेगळी ठेवतं. एपीटी-मार्क या कमांडला शोमॅन्युअल सांगितलं की आपण मागितलेली तेवढी दिसतात. नवं यंत्र लावताना ही यादी सोन्यासारखी. कारणांची साखळी हवी असेल तर एप्टिट्यूड या कमांडला 'व्हाय' हा शब्द आणि पॅकेजचं नाव द्यायचं. याला ते हवं, त्याला हे हवं, अशा पायऱ्या ते मांडून दाखवतं.

मग नोंद आणि प्रत्यक्ष यांची गाठ कधी घालायची? त्यासाठी मोठा व्ही आहे, पडताळणीचा. आरपीएममध्ये तो दिला की ज्या फायली जशा आल्या तशा राहिलेल्या नाहीत, तेवढ्याच दिसतात. प्रत्येकीपुढे नऊ खुणांची पट्टी असते: एस, टिंब, पाच, चार टिंबं, टी, पुन्हा टिंब. टिंब म्हणजे जुळलं. एस म्हणजे आकार बदलला, टी म्हणजे बदलाची वेळ वेगळी आहे, आणि ५ म्हणजे मजकुराचा ठसा जुळत नाही. हा पाचाचा आकडा एमडी५ या जुन्या पद्धतीच्या नावातला. आता ठसा दुसऱ्या पद्धतीने काढतात, खूण तीच राहिली. पुढे सी असेल तर ती सेटिंगची फाइल, म्हणजे ती आपणच बदललेली असण्याची शक्यता जास्त. सी नाही, पण ५ आहे, आणि फाइल एखाद्या प्रोग्रॅमची आहे, तर हातातलं काम सोडून तिच्याकडे बघावं. डीपीकेजीनेही ही पट्टी उचलली, पण त्याच्या नोंदीत इतका तपशील नसतो, म्हणून बहुतेक जागी प्रश्नचिन्हं दिसतात. ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही असं सांगणारं साधन मला विश्वासाचं वाटतं.

या सगळ्याची कसोटी २९ मार्च २०२४ रोजी लागली. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या साधनाने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं. खोदत गेल्यावर त्याला एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साधनात लपवलेला चोरदरवाजा सापडला. ५.६.० आणि ५.६.१ या त्या आवृत्त्या. त्या दिवशी जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पहिलं काम केलं ते चौकशीचं: माझ्याकडे कुठली आवृत्ती आहे? हा प्रश्न एक्सझेडलाच विचारायचा म्हणजे संशय असलेला प्रोग्रॅम चालवायचा. नोंदवहीला विचारलं तर त्याला हातही लावावा लागत नाही. डेबियन १२ वाल्यांना ५.४.१ दिसलं आणि ते सुटले. ज्यांना प्रश्न पडला की एसएसएचचा आणि एक्सझेडचा संबंधच काय, त्यांना साखळीने उत्तर दिलं: त्या वेळी डेबियनमधल्या एसएसएचला सिस्टिमडीची लायब्ररी लागत होती, आणि तिला एक्सझेडची.

पण ज्या यंत्रावर ५.६.१ होतं तिथे पडताळणीचा मोठा व्ही चालवला असता तर काहीच छापलं गेलं नसतं. फाइल जशी पॅकेजमधून आली तशीच होती, ठसा अक्षरशः जुळत होता. चोरदरवाजा प्रकल्पाच्या अधिकृत प्रकाशनातूनच आला होता, त्यामुळे नोंद आणि प्रत्यक्ष यांच्यात फट नव्हती. फायलीचा मालक नोंदवही बिनचूक सांगते, पण मालकाच्या मनात काय आहे ते तिच्या कक्षेबाहेरचं.

डेबियनने दुरुस्ती पाठवली ती मागच्या आवृत्तीची, पण एपीटी आपणहून लहान आकड्याकडे जात नाही. त्याला नवं ते मोठं असावं लागतं. म्हणून नव्या पॅकेजवर आकडा घातला ५.६.१+रिअली५.४.५-१. एपीटीच्या हिशेबात हा ५.६.१ च्या पुढचा, त्यामुळे नेहमीच्या अपडेटमध्ये तो आपोआप बसला. त्यानंतर ज्यांनी यादी काढली आणि ५.६.१ दिसताच दचकले, त्यांना तीच ओळ शेवटपर्यंत वाचल्यावर आत खरोखर ५.४.५ आहे हे कळलं.