जे.जे.च्या आवारात

सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट बघायला जाणाऱ्याने आधी सीएसएमटी स्थानकाच्या भिंती बघाव्यात. तिथली दगडातली पानं, पक्षी, प्राणी यांतलं बरंचसं काम शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. शहराने रोज वापरायची इमारत त्यांनी सजवली, आणि नावं मागे ठेवली नाहीत.

जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. सरकारला हवे होते सफाईदार हाताचे कारागीर. पण हात शिकवायला घेतले की डोळेही शिकतात, आणि मग ते कुणाच्या ताब्यात राहत नाहीत. १८७२ पासून ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. नक्कल करायला गेलेल्या त्या मुलांना तिथे आपल्याच मुलखातली केवढी समर्थ चित्रपरंपरा भेटली! पुढे याच वर्गांतून चित्रकार गायतोंडे आले, रझा आले, तय्यब मेहता आले. चित्रकार सूझांना तर स्वातंत्र्याच्या चळवळीपायी इथून काढून टाकलं गेलं. कारागिरांच्या शाळेत स्वतंत्र नजरेची माणसं घडली, हे मला तिचं खरं कर्तृत्व वाटतं.

रुडयार्ड किपलिंग या आवारात जन्मला, म्हणून पुष्कळ पाहुणे किपलिंग बंगल्याकडे वळतात. माझं मन मात्र चित्रकार धुरंधरांपाशी थांबतं. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० मध्ये इथे शिकायला आला, इथेच शिक्षक झाला आणि पुढे संस्थेचा कारभारही त्याने पाहिला. साकोलीत जन्मलेले पळशीकरही इथे शिकले, शिकवू लागले आणि अधिष्ठाता झाले.

कोल्हापूर-साकोलीहून इथवर येणारी ही वाट सरकारी होती, म्हणून खुली होती. चित्रकलेच्या ज्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना तालुक्याच्या शाळेतली मुलं रंगपेटी घेऊन बसतात, त्या घेणारं कला संचालनालयही याच आवारात आहे. कितीतरी घरांत चित्रकला हा शिकण्याचा विषय आहे, हे पहिल्यांदा कळतं ते त्या परीक्षेमुळे.

२०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम स्वतः ठरवता येणं ही मोठी संधी आहे, आणि शिक्षकांनी ती निर्भयपणे वापरावी. पण नव्या व्यवस्थेतलं शुल्क साकोलीच्या शेतकऱ्याला झेपेल का, त्याच्या मुलीला मुंबईत वसतिगृह मिळेल का, महागडे रंग आणि कॅनव्हास तिला कोण पुरवील, हे प्रश्न मला अभ्यासक्रमाच्याही आधी विचारावेसे वाटतात.