मजुरी एक, पाणवठे दोन



आपल्या तरुणांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘गरिबाची जात एकच, ती म्हणजे गरिबी. मग तुम्ही जातीचा प्रश्न कशाला उकरून काढता?’ हा प्रश्न टाळून चालणार नाही.

कार्ल मार्क्सने वर्ग ठरविला तो जन्मावरून नव्हे, तर उत्पादनाच्या साधनांशी माणसाचे जे नाते असते त्यावरून. जमीन व कारखाना ज्याच्या हाती तो एक वर्ग. ज्याच्यापाशी विकायला केवळ श्रम आहेत तो दुसरा. परंतु त्यानेच १८४७ साली हेही दाखविले की, सारखे हाल सोसणे निराळे आणि आपण सारे एक आहोत हे ओळखून लढणे निराळे. हे ओळखणे म्हणजेच वर्गजाणीव.

मग सातारा-सांगलीच्या शिवारात दोन मजूर एकाच मालकाच्या रानात, एकाच मजुरीवर राबत असताना ही जाणीव का येत नाही? कारण मजुरी एक असली तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे पाणवठे दोन होते, स्मशानेही दोन होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तेथे अस्पृश्य कामगार नको असे. विटाळ पाळणारा तेथे भांडवलदार नव्हता, शेजारचा कामगारच होता! जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले ते याचसाठी.

म्हणून वर्गाचा विचार खोटा ठरतो काय? मुळीच नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी बिलाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लाल बावट्याखाली वाढले. पण ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांनाच अर्पण केली.

आपल्याच भागातले एक उदाहरण पाहा. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभारले. त्या चळवळीने तत्त्व धरले की, पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला सारखे, भूमिहीनालाही वाटा. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही तो पाण्याचा हक्कदार मानला गेला. एकजूट भाषणातून येत नाही. ती अशा वाटपातून येते.

आता आपल्या घराकडे वळा. आपला मुलगा शिकला, नोकरीला लागला. कारखान्याच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या बाईला, तिच्या पालातल्या लेकराला तो ओळख देतो काय? मातंग, चर्मकार शेजाऱ्याला आपण पंगतीला बसवितो काय, की आपणही एक पायरी खाली शोधतो? जो आपल्यावरची पायरी मोडू पाहतो त्याने आपल्याखालची पायरी राखली, तर त्याला ना जातिअंताची जाणीव झाली ना वर्गाची.

तेव्हा तरुणांनो, तुम्हांला कोणी तो प्रश्न विचारला तर रागावू नका. त्याला म्हणा, ‘मजुरीसाठी आम्ही तुझ्याबरोबर आहोत. पाणवठ्यासाठी तू आमच्याबरोबर येतोस काय?’ आणि हाच प्रश्न तुम्हांला कोणी विचारील, त्या दिवसासाठी तयार राहा.