फरशीचा भाव आणि अस्तेय

घराला हेरिंगबोन फरशी घालायची तर भोपाळात काय, पुण्यात काय, खर्च वाढतो तो मुख्यतः कापणीमुळे. लांबट टाइल्स काटकोनात एकमेकींना भिडवत नेल्या की भिंतीपाशी प्रत्येक ओळ अर्धवट तुटते आणि तिथे तुकडे कापून बसवावे लागतात. साध्या मांडणीत पाचेक टक्के माल वाया धरतात, इथे दहा ते पंधरा. मजुरीही जास्त, कारण पहिली ओळ केसभर चुकली तर ती चूक खोलीभर वाढत जाते. एवढा पैसा पायाखाली घालणे धर्माला धरून आहे का, असे विचारले की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतो तो अपरिग्रह: साधी कोटा फरशी पुरेशी असताना ही हौस कशाला? मला हा आक्षेप दुबळा वाटतो. भोपाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये ते जगापुढे आणले आणि पुढे तिथल्या उत्खननात अश्मयुगीन माणसाने दगड मांडून केलेली जमीन सापडली. ज्याच्यापाशी साठवण्यासारखे जवळपास काहीच नव्हते, त्यानेही पायाखालची जमीन नीट करून घेतली. रांगोळी उद्या पुसली जाणार हे ठाऊक असूनही आपण ती काढतोच. जमीन सुंदर असावी ही इच्छा हावेपेक्षा फार जुनी आहे.

पतंजलीच्या पाच यमांत अपरिग्रह शेवटी येतो. अहिंसा पहिली, अस्तेय तिसरे. फरशीचा हिशेब याच क्रमाने मांडायला हवा. ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल कोरड्या कटरने कापली की सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की तिचा घातक भाग डोळ्यांना दिसतही नाही. ती फुप्फुसात रुतते, तिथे व्रण धरतात आणि श्वास कायमचा आखडतो. सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. मध्य प्रदेशाला हे दूरचे नाही. अलीराजपूर, झाबुआ, धार इथले आदिवासी मजूर गोध्रा भागातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि हा रोग घेऊन परतले. त्यांतल्या 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये गुजरात सरकारला केली. घरातली कापणी त्या कारखान्यांइतकी घातक नसेल, पण धूळ तीच, आणि फरशी बसवणारा मिस्त्री ती आज एका घरात, उद्या दुसऱ्या घरात, अशी वर्षानुवर्षे घेतो. पाणी सोडणारा कटर, चांगला मास्क आणि सावकाश कामाची मजुरी टाळून जो भाव खाली येतो, तो मिस्त्रीच्या श्वासातून वसूल झालेला असतो. दुसऱ्याचे न विचारता घेतलेले ते अस्तेयभंगच.

यावर कुणी म्हणेल, मजूर ठेकेदाराचे, जबाबदारी त्याची. कारखान्याच्या मालाबाबत हे थोडेफार पटते, घरात नाही. कापणी आपल्याच बाल्कनीत चालते, धूळ आपल्याच पडद्यांवर बसते. शिवाय बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने, स्वतःच्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम करून घेणाऱ्याला आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते. जिथे कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो, तिथे घरमालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच मजुराचा एकमेव आधार उरतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: भाव वाढला तर लोक साधी मांडणी घेतील आणि कसबी मिस्त्रीचे काम जाईल. काही कामे जातीलही. पण मोठी खोली सरळ मांडणीत ठेवून देवघरापुढचा किंवा दिवाणखान्यातला एकच पट्टा हेरिंगबोनचा करता येतो, आणि तेवढ्याची पूर्ण, प्रामाणिक किंमत देणे मध्यमवर्गीय घराला अवघड नाही. म्हणून अंदाजपत्रक हातात आले की टाइलच्या चौरस फुटाच्या दरावर घासाघीस करण्याआधी ओल्या कापणीचा आणि मास्कचा खर्च त्यात वेगळा लिहून घ्यावा, आणि तो आकडा कमी करायला सांगू नये.